जुळलेला नमुना

बाईंनी पिशवीतले कपडे टेबलावर काढून ठेवले आणि वरच्या निळ्या ड्रेसची घडी हातानं सारखी केली.

“हे आणलेत,” त्या म्हणाल्या. “लागतील ना? जे काही असेल ते घरच्या कपड्यात गुंडाळून देतात, असं कुणीतरी म्हणालं होतं.”

टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं आधी कपड्यांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे. शिपायानं मान खाली घातली.

“बाई, तुम्ही बसा आधी.”

बाई बसल्या. सकाळी फोन आला तेव्हा त्या कारखान्यात होत्या. शाळेच्या गणवेशांना काजं पाडायच्या मशीनवर त्यांची निम्मी हयात गेली होती. तिथं त्यांना सगळे काजवाल्या बाई म्हणत, आणि म्हणता म्हणता नुसत्या बाई एवढंच उरलं होतं. फोनवरचा माणूस घाईत होता. तुम्ही दिलेला नमुना जुळलाय, येऊन जा, एवढंच तो बोलला. बाईंनी मशीन बंद केलं, घरी जाऊन कपाट उघडलं आणि थोरल्या लेकीचा निळा ड्रेस काढला. रडू आलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि आता नीट वागायचं होतं.

थोरली एका सकाळी नोकरीच्या मुलाखतीला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती. मुलाखतीच्या ठिकाणी ती पोचलीच नाही, असं नंतर कळलं. आठ वर्षं झाली होती. नवरा त्याच्याही आधी गेलेला, त्यामुळे रक्ताच्या नात्यातली जवळची माणसं दोनच, आई आणि धाकटा भाऊ. बेपत्ता माणसांच्या कार्यालयात बाईंच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून डीएनएचा नमुना घेतला होता. कुठंही बेवारस मयत किंवा हाडं सापडली, की ती या नमुन्याशी ताडून बघणार होते. धाकटा तेव्हा शाळेत होता. आईचा नमुना असल्यावर मुलाचा लागत नाही, असं म्हणून त्याला वगळलं होतं.

“तुम्हाला आणखी मुलं किती?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“एक मुलगा. धाकटा.”

“काय करतो?”

“फ्रीज, एसी दुरुस्त करतो. कामावर असेल आत्ता. ओळख पटवायला बोलावू का त्याला?”

“बोलवायला नको. आमची माणसं गेलीत त्याच्याकडे.”

बाईंना वाटलं, किती चांगली माणसं आहेत ही. आपल्याला एकटीला झेपणार नाही म्हणून त्याला आणायला गाडी पाठवली. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. अधिकाऱ्यानं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

“बाई, गेल्या वर्षी त्या बंद पडलेल्या शीतगृहात चोरी झाली होती. तांब्याच्या नळ्या कापून नेल्या. रात्रपाळीचा पहारेकरी लोखंडी शिडीवरून खाली पडला आणि पुढं दवाखान्यात वारला. आठवतंय?”

“वाचलं होतं.”

“एका पत्र्यावर रक्त होतं. पहारेकऱ्याचं नव्हतं ते. कुणाचं ते कळत नव्हतं. आता कळलं, की ते तुमच्या मुलाचं आहे. म्हणजे, ज्या बाईचा हा नमुना आहे, तिच्या मुलाचं.”

बाईंनी मान हलवली. त्या वाक्यातलं शेवटचं त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

“आणि थोरली?”

“तिचं काही नाही. हे वेगळं प्रकरण आहे.”

त्यांनी कपडे उचलले, एकेक करून पिशवीत भरले. पिशवीचे बंद बांधताना गाठ बसेना, तेव्हा शिपायानं पुढं होऊन बांधून दिली.

*

गेल्या वर्षी धाकटा तळहात फाडून घेऊन घरी आला होता. कामावर पत्रा लागला म्हणाला. बाईंनीच जखम धुतली होती, पट्टी बांधली होती, आणि हातमोजे घालत नाहीस म्हणून त्याला दोन शब्द सुनावले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तो मान खाली घालून जेवायचा. वयच तसं आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

लहानपणी त्याला थोरलीनंच वाढवलं होतं. बाईंची पाळी दुपारची असली की ती त्याला खाऊ घालायची, अभ्यासाला बसवायची, त्याच्या खोड्यांवर पांघरूण घालायची. हा आपला नमुना एक तर मोठा होऊन वकील होईल, नाहीतर वकिलाचं गिऱ्हाईक होईल, असं ती शेजारणींना सांगायची. तोही हसायचा. ती गेली त्यानंतर त्याच्या हसण्याला घरात कुणी साथ दिली नाही.

अटकेनंतर धाकट्याला वकील कोर्टानंच दिला होता. मध्यमवयीन, थोडा वाकलेला, बोलताना चष्मा पुसत राहणारा. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात त्यानं बाईंना बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

“तुमचा मुलगा सुटू शकतो,” तो म्हणाला. “कायद्यात सरळ लिहिलंय. हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी नातेवाइकानं दिलेला नमुना दुसऱ्या कुठल्याही कामाला लावायचा नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी सगळे नमुने एकाच चाळणीतून गाळले. तुमच्यावरून ते मुलापर्यंत पोचले. मग त्याला धरलं, त्याचा नमुना घेतला आणि तो जुळला. पण पहिलीच पायरी बेकायदा, म्हणजे त्यावरचा जिनाच कोसळतो. दुसरा पुरावा त्यांच्याकडे नाही.”

“मग सुटेल.”

“हरकत तुम्ही घ्यायला हवी. नमुना तुमचा आहे. माझ्या नमुन्याचा गैरवापर झाला, मी दिलेली परवानगी काढून घेते, तो नष्ट करा, असं तुम्ही म्हणायचं.”

बाई बराच वेळ समोरच्या कुंडीकडे बघत राहिल्या. कुंडीत झाड नव्हतं, कुणीतरी चहाचे कागदी पेले टाकले होते.

“नष्ट केला, की थोरलीला कशावरून ओळखणार?”

वकिलानं चष्मा काढला.

“नाही ओळखता येणार.”

“गैरवापर झाला एवढंच म्हणते. नमुना राहू दे तिथं.”

“बाई, समोरचा वकील यावरच बोट ठेवेल. एकीकडे म्हणता यांच्यावर विश्वास नाही आणि दुसरीकडे म्हणता यांच्याकडेच ठेवा. न्यायाधीशांना वाटेल, तुमची हरकत नुसती मुलासाठी आहे.”

“मुलासाठीच आहे.”

“ते मला माहीत आहे. कोर्टात तसं चालत नाही.”

“मग नंतर पुन्हा देईन. सगळं मिटल्यावर.”

“कायद्यानं देता येईल,” वकील हळू आवाजात म्हणाला. “पण तुम्ही माझी बहीण असतात तर मी म्हटलं असतं, देऊ नका. पत्र्यावरचं रक्त त्यांच्याकडे राहणारच आहे. ते नष्ट होत नाही. या वेळी त्यांनी न विचारता बघितलं. पुढच्या वेळी कोर्टाची परवानगी काढून बघतील. तुम्ही काडी तोंडातून बाहेर काढाल आणि ते मुलाच्या दारात उभे असतील.”

त्या दिवशी बाई तुरुंगात धाकट्याला भेटल्या. मध्ये जाळी होती. त्याची दाढी वाढली होती आणि त्यामुळे तो अचानक बापासारखा दिसत होता.

“वकील म्हणतोय सुटेन मी,” तो म्हणाला. “तुझ्या सहीवर.”

“हो.”

“मग तुझ्या त्या नमुन्याचं काय होतं?”

“काय व्हायचंय? असतो तिथं.”

त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बाईंनी पदराआड लपावं तसं डबा पुसायला घेतला. तो डबा आत नेऊ देत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, तरी त्या पुसत राहिल्या.

*

निकाल फार वेळ चालला नाही. न्यायाधीशांनी प्रयोगशाळेला चार कडक वाक्यं ऐकवली. माणूस दुःखात विश्वासानं जे देतो त्याचा सापळा करता येणार नाही, असं ते म्हणाले. वाक्य चांगलं होतं. मागच्या बाकावरच्या दोन शिकाऊ वकिलांनी ते टिपून घेतलं. बाईंचा नमुना आणि त्यावरून काढलेली सगळी माहिती नष्ट करावी, मुलाचाही नमुना नष्ट करावा, आणि त्याला सोडावं.

बाहेर जिन्यापाशी एक बाई थांबली होती. बारीक, करड्या केसांची, हातात छत्री. प्रत्येक तारखेला ती शेवटच्या बाकावर बसायची. ती पहारेकऱ्याची बायको होती, हे काजवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी तिकडं पाहणं टाळलं होतं.

“ताई,” ती म्हणाली.

बाई थांबल्या.

“कायद्याचं मला काही कळत नाही. सुटला तर सुटू दे, माझा माणूस काही परत येत नाही. मला एवढंच सांगा, तो तिथं होता का? यांना कुणी ढकललं, की यांचाच पाय घसरला? दवाखान्यात नऊ दिवस होते, पण एक शब्द बोलले नाहीत. मला रोज दोन्ही दिसतं. एक दिवस यांना कुणीतरी ढकलताना दिसतं, एक दिवस हेच घसरताना दिसतात. कुठलंतरी एक खरं कळलं, तर मी झोपेन.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. बाईंनी तोंड उघडलं. वकिलानं त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्या जिना उतरू लागल्या. खाली पोचेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती तिथंच होती, छत्री दोन्ही हातांनी धरून.

घरी आल्यावर धाकट्यानं आंघोळ केली, जेवला, आणि ताटावरून उठायच्या आधी बाईंनी विचारलं.

“होतास तिथं?”

तो ताटाकडे बघत राहिला.

“होतो.”

“पडला कसा?”

“मी पळत होतो. त्यानं माझा शर्ट धरला. मी झटका दिला.” त्यानं ताट पुढं सरकवलं. “आई, मी वळून पाहिलं होतं. तो हलत होता. मला वाटलं, उठेल.”

बाई उठल्या. ओट्यापाशी जाऊन त्यांनी नळ सोडला आणि हात न धुताच बंद केला. उत्तर आता त्यांच्याकडे होतं. ते कुणाला हवंय हेही माहीत होतं, आणि ती कुठं राहते तेही कोर्टात ऐकून पाठ झालं होतं. त्या गेल्या नाहीत. पुढचे कित्येक रविवार त्या जायचं ठरवत आणि बसस्टॉपपर्यंत जाऊन परत येत.

धाकट्याला जुन्या मालकानं परत ठेवून घेतलं नाही. तो आता घरोघरी जाऊन फ्रीज दुरुस्त करायचा. मिळेल ते आणून आईच्या हातात द्यायचा. दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत. पाणी हवंय का, दिवा घालवू का, उद्या लवकर जायचंय का.

*

उन्हाळ्यात तलावाचं पाणी पार तळाला गेलं तेव्हा गाळ काढणाऱ्यांना एका बाईचा सांगाडा सापडला. बातमी टीव्हीवर आली तेव्हा दोघंही जेवत होते. वय अंदाजे वीस ते पंचवीस, बरीच वर्षं पाण्यात असावी, ओळख पटलेली नाही. बाईंनी घास खाली ठेवला.

“तुला फोन येईल ना?” धाकट्यानं विचारलं.

बाईंनी ताटातला भात बोटांनी एका कडेला केला.

“आई. तुझा नमुना आहे ना त्यांच्याकडे?”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे बघून परत ठेवला. धाकटा त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं बघणं थांबवलं. टीव्हीवर दुसरी बातमी लागली होती. त्यानं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, आणि पायात चपला घालून बाहेर गेला. कधी परत आला ते बाईंना कळलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

चार दिवस फोन आला नाही. येणार नाही हे माहीत असूनही बाई मशीनवर बसल्या, की फोन समोर ठेवत. चौथ्या दिवशी त्यांनी सहा गणवेशांची काजं वाकडी पाडली. मुकादमानं कपडे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, बाई, तुम्ही घरी जा. त्या घरी गेल्या नाहीत. बेपत्ता माणसांच्या कार्यालयाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

रांग पुढं सरकत होती तशी त्यांच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, आणि त्या तिला हातानं माशी हाकलावी तशी हाकलत होत्या. आपण मुलाला विकायला उभ्या आहोत. एक आपला जिवंत आहे, एक बहुतेक नाही, आणि आपण जी नाही तिच्यासाठी जो आहे त्याला देऊन टाकतोय. तरी त्या रांगेतून बाहेर पडल्या नाहीत.

खिडकीतली मुलगी त्यांना ओळखत होती. ती नवीन लागली होती तेव्हापासून बाई इथं येत होत्या.

“मावशी, तुम्ही? बसा ना आत येऊन.”

“तलावातली,” बाई म्हणाल्या. “माझा नमुना पुन्हा घे.”

मुलीनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुम्हाला घरी कळलं नाही का? तुमचा मुलगा येऊन गेला.”

“कधी?”

“परवा. नाही, त्याच्या आदल्या दिवशी. मी उघडायच्या आधीच दारात उभा होता. भाऊ आहे म्हणाला, माझा घ्या. मावशी, मला सगळं माहीत होतं, मी पेपरात वाचलं होतं. मी त्याला म्हटलं, दादा, वकिलाला विचारून या. म्हणाला, विचारलंय. मी म्हटलं, काय म्हणाले? तर म्हणाला, नको म्हणाले. आणि तोंड उघडून बसला.”

बाईंनी खिडकीच्या कट्ट्याला धरलं.

“परत दे त्याचा.”

“मला देता येत नाही.”

“मी आई आहे त्याची.”

“तुम्हाला मागता येत नाही, मावशी. नमुना ज्याचा त्यानंच मागायचा असतो. त्यानं मागितला तर मी आज काढून देईन.” तिनं समोरचं रजिस्टर मिटलं. “तो मागेल असं मला वाटत नाही.”

मागच्या माणसानं घसा खाकरला. मुलीनं त्याला हातानं थांबायची खूण केली.

“एक सांगू का? नुसत्या भावावरून नक्की सांगता येत नाही. असेल किंवा नसेल, एवढंच कळतं. आईचा बरोबर असला, की शंका राहत नाही.”

बाईंना हसू आल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी इतके महिने जीव मुठीत धरला होता, तो स्वतःच्या पायानं इथवर आला होता. आता राखायचं काही उरलं नव्हतं. त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या, आणि मुलीनं सांगायच्या आधी त्यांनी तोंड उघडलं.

घरी आल्या तेव्हा धाकटा जमिनीवर बसून कुणाच्या तरी जुन्या फ्रीजचा पंखा खोलत होता.

“लवकर आलीस?”

“काम नव्हतं आज.”

“बरं नाही का?”

“आहे की बरं.”

तो पुन्हा पंख्याकडे वळला. बाईंनी त्याच्या मागं उभं राहून त्याच्या मानेवरच्या केसांकडे पाहिलं. वाढले होते. लहानपणी थोरली कात्री घेऊन त्याच्या मागं लागायची तेव्हा तो घरभर पळायचा. त्यांना वाटलं, डोक्यावर हात ठेवावा. हात निघाला नाही. त्या आत जाऊन दिव्याखाली बसल्या आणि घरी आणलेल्या सदऱ्यांची बटणं लावू लागल्या.

पावसाळा सुरू व्हायच्या सुमाराला फोन आला. खिडकीतली मुलगीच बोलत होती. तिनं आधी मावशी म्हटलं, मग थोडा वेळ काहीच म्हटलं नाही, आणि त्यावरूनच बाईंना कळलं. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, आभार मानले. धाकटा दाराजवळ मोजे काढत होता. तो तसाच एक पाय हातात धरून बसून राहिला.

“ती नाही,” बाई म्हणाल्या.

कुणाबद्दल, कुठली, तुला काय माहीत, असलं काहीच त्यानं विचारलं नाही. त्यानं मोजा नीट गुंडाळून बुटात घातला.

“मग आता?”

“आता काही नाही. आपले दोघांचे तिथंच राहतील. कुठं काही नवीन सापडलं, की लावून बघतील.”

“म्हणजे बघत राहतील.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बघत राहतील.”

जिन्यावर पावलं वाजली. दोघांनीही मान वर केली. पावलं त्यांच्या दारापाशी आली, क्षणभर थांबली, आणि वरच्या मजल्यावर निघून गेली.